तोंडीलावण्याची जुनी बाटली

वऱ्हाडातील जुन्या गावांत पडक्या वाड्यांच्या माळ्यांवर, बळदांच्या कोपऱ्यांत आणि उकिरड्यांच्या तळाशी अनेक वस्तू निपचित पडून असतात. तांब्यापितळेची भांडी सापडली तर त्यांची किंमत घरातल्या पोरासही कळते. जुने नाणे सापडले तर सारा गाव गोळा होतो. परंतु काचेची एखादी धुळकट बाटली हाती आली, तर तिची वासलात दोनच प्रकारे लागते. एक तर ती भंगारवाल्याच्या पोत्यात जाते, नाही तर कोणी हौशी मनुष्य तिला दिवाणखान्यात मांडून तिच्याभोवती एक भव्य दंतकथा रचतो. या दोन्ही प्रकारांत बाटलीचे खरे सांगणे कोणीच ऐकून घेत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव या विचारासाठी उदाहरण म्हणून घेण्याजोगे आहे. सिंदखेडराजा तालुक्यातील या गावाचे नाव इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असते. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान रणात पडला, दक्षिणेत निजामाची सत्ता स्थिर झाली, आणि विजयाच्या स्मरणार्थ गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवण्यात आले. ते नाव काही काळ कागदोपत्री चालले. लोकांच्या जिभेवर मात्र साखरखेर्डा हेच टिकले. अशा गावात जमिनीतून काहीही निघाले की त्याचा संबंध त्या लढाईशी जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

आता असे समजावे, की या गावातील एखाद्या वाड्याच्या माळ्यावर वीतभर उंचीची, फिकट हिरवट-निळसर काचेची, लांब मानेची बाटली सापडली. तिच्या अंगावर इंग्रजी अक्षरे उठावाने उमटलेली आहेत, आणि तोंड किंचित वाकडे आहे. घरातील वडीलधारे म्हणतात, ही अत्तराची बाटली, नबाबाच्या छावणीतली. शेजारी म्हणतात, ही साहेबाची दारूची. बाजारातला दलाल म्हणतो, दोनशे वर्षांची आहे, हजार रुपये देतो. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे? उत्तर असे, की आधी कोणाचेच ऐकू नये. आधी बाटली हातात घेऊन उजेडात धरावी.

काचेची वस्तू तपासण्याचा एक क्रम ठरलेला आहे, आणि तो कोणाही सुशिक्षित गृहस्थास किंवा गृहिणीस घरबसल्या पाळता येतो. प्रथम बूड पाहावे. जुन्या काळी फुंकनळीवर फुगवलेली बाटली तिचे तोंड घडवण्यासाठी बुडाशी एका लोखंडी सळईला चिकटवून धरीत. सळई तोडली की बुडावर खरबरीत व्रण राही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बाटली चिमट्यासारख्या पकडीत धरण्याची सोय झाली, आणि हा व्रण नाहीसा होत गेला. म्हणून व्रण असलेली बाटली बहुधा अधिक जुनी आणि गुळगुळीत बुडाची त्यानंतरची, असे स्थूलमानाने धरता येते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे साच्याची रेघ. दोन पाखांच्या साच्यात बाटली फुंकली, तर ती पाखे जेथे मिळतात तेथे अंगावर उभी बारीक रेघ उमटते. ही रेघ बोटाने चाचपीत वर न्यावी. ती मानेवरच, ओठाच्या खाली विरून गेली, तर ओठ मागाहून हाताने घडवलेला आहे असे समजावे. रेघ थेट ओठावरून पार गेली असेल, तर बाटली यंत्राची आहे. अमेरिकेतील मायकेल ओवेन्स याने पूर्णपणे आपोआप चालणारे बाटलीयंत्र १९०३ च्या सुमारास सिद्ध केले, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत विलायती व अमेरिकन बाटल्यांचा बहुतेक धंदा यंत्राकडे गेला. ओवेन्सच्या यंत्रातील बाटलीच्या बुडावर काच कापल्याची एक वर्तुळाकार खूणही सापडते. म्हणजे हाताने घडवलेल्या ओठाची विलायती बाटली साधारणपणे पहिल्या महायुद्धाच्या आधीची ठरते.

तिसरी गोष्ट रंग. वाळूत लोहाचा अंश असतो, आणि त्यामुळे साध्या काचेला हिरवट-निळी झाक येते. ही झाक घालवून काच पांढरीशुभ्र करण्यासाठी कारखानदार मँगनीज मिसळीत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की जांभळट होते. तेव्हा जांभळी झाक ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची व विसाव्याच्या आरंभाची एक खूण मानतात. परंतु येथे सावधगिरी हवी. हल्ली साध्या जुन्या बाटल्यांवर कृत्रिम किरणांचा मारा करून त्यांना गर्द जांभळा रंग आणतात आणि दुर्मिळ म्हणून विकतात. उन्हाने आलेला जांभळेपणा बहुधा सौम्य असतो. भडक रंग दिसला की संशय घ्यावा.

एवढ्या तपासणीनेच नबाबी छावणीची कथा ढासळते. १७२४ च्या सुमारास विलायतेत होणाऱ्या मद्याच्या बाटल्या गर्द हिरव्या, जवळजवळ काळ्या काचेच्या आणि कांद्यासारख्या बसक्या असत. साच्यात घडवलेली, अंगावर ठसठशीत अक्षरे मिरवणारी, सडपातळ आणि फिकट रंगाची बाटली ही त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी आलेल्या कारखानदारीचे अपत्य होय. ब्रिस्टलच्या रिकेट्स याने साच्यात एकसारख्या मापाच्या बाटल्या काढण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले ते १८२१ साली. लढाई आणि बाटली यांच्यामध्ये किमान एक शतक उभे आहे, आणि कितीही अभिमानाची कथा ते शतक ओलांडू शकत नाही.

मग ही बाटली कशाची? येथे अक्षरे उपयोगी पडतात. समजा, बाटलीच्या अंगावर उभ्या ओळीत ली अँड पेरिन्स हे नाव आहे आणि खांद्याभोवती वूस्टरशायर सॉस हे शब्द आहेत. तर ती अत्तराची नव्हे आणि दारूचीही नव्हे. ती तोंडीलावण्याची बाटली आहे. इंग्लंडातील वूस्टर या गावी जॉन व्हीली ली आणि विल्यम हेन्री पेरिन्स हे दोन औषधविक्रेते होते. त्यांनी १८३०-४० या दशकात हा आंबट-तिखट काळपट रस विकावयास काढला. सिरका, काकवी, साखर, मीठ, कांदा, लसूण, चिंच आणि खारवलेले बारीक मासे हे त्याचे मुख्य घटक. चिंच ही आपल्या ओळखीची. म्हणजे उष्ण देशांतील झाडाचे फळ विलायतेस जाऊन बाटलीत बसून पुन्हा उष्ण देशांत विकावयास येत होते.

या सॉसच्या जन्माची एक कथा त्या पेढीनेच पुष्कळ दिवस सांगितली. बंगालचा गव्हर्नर राहिलेला कोणी लॉर्ड सँडिस हिंदुस्थानातून कृती घेऊन आला, ती या दोघांनी करून पाहिली, ती बिघडली म्हणून पिंप तळघरात टाकून दिले, आणि पुढे मुरल्यावर रुचकर लागले, अशी ती कथा. परंतु बंगालच्या गव्हर्नरांची यादी तपासली तर तीत लॉर्ड सँडिस नावाचा कोणीही आढळत नाही. श्रोत्यांनी हे ध्यानात घ्यावे, की नावाजलेल्या विलायती पेढीची छापील कथाही कागदपत्रांच्या कसोटीला अशी उतरत नाही. मग माळ्यावरच्या बाटलीविषयी ऐकलेली कथा तपासून घेण्यात कोणाचा अवमान कशाला मानावा?

अक्षरे वाचतानाही एक खुबी ध्यानात ठेवावी लागते. १८७६ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की वूस्टरशायर सॉस या शब्दांवर ली अँड पेरिन्स यांची एकट्यांची मालकी नाही. त्यामुळे इतर अनेकांनी तेच शब्द आपापल्या बाटल्यांवर घातले. केवळ सॉसचे नाव असेल तर ती कोणाचीही असू शकते. पेढीचे नाव असेल तरच पेढी ठरते. बुडावरची बारीक अक्षरे तर याहून बोलकी असतात. ए. सी. बी. कं. ही अक्षरे यॉर्कशायरमधील कॅसलफर्डच्या एअर अँड काल्डर या बाटली-कारखान्याची, जे. डी. एस. ही न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जॉन डंकन्स सन्स यांची. पहिली अक्षरे असतील तर बाटली इंग्लंडातून निघाली असे मानण्यास आधार मिळतो. दुसरी असतील तर बाटली अमेरिकेच्या बाजारासाठी भरलेली, आणि ती वऱ्हाडात कशी आली हा नवाच प्रश्न उभा राहतो. चौकोनी हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह दिसले तर तो १८४२ ते १८८३ या काळात विलायतेत आकृतीची नोंद केल्याचा शिक्का होय, आणि त्याच्या माथ्यावरचा रोमन तीनचा आकडा काचेचा वर्ग दाखवतो. १८८४ पासून हिऱ्याऐवजी सरळ नोंदणी-क्रमांक घालू लागले. त्या क्रमांकावरून नोंदीचे वर्ष काढता येते. मात्र नोंदीचे वर्ष हे आकृतीच्या जन्माचे वर्ष आहे. बाटली त्यानंतर कितीही वर्षांनी घडलेली असू शकते.

येथपर्यंत बाटली कोठे व केव्हा झाली हे समजले. परंतु ती साखरखेर्ड्यास का आली, हे अद्याप समजलेले नाही. आणि खरा प्रश्न तोच आहे. सर्वांत मोठी चूक या टप्प्यावर होते. सॉसची बाटली सापडली म्हणून त्या घरात सॉस खाल्ला जात होता, असे अनुमान लोक झटकन काढतात. ज्या घरात माशाचे नावही काढीत नसत, त्या घरात ही बाटली निघाली तर म्हाताऱ्या माणसांना संकोच वाटतो, आणि कधी कधी ती गुपचूप फेकूनही दिली जाते. पण बाटली आणि तिच्यातला पदार्थ यांचा संसार फार थोड्या दिवसांचा असतो. पदार्थ महिन्यांत संपतो. बाटली शंभर वर्षे उरते.

काचेच्या बुचाची, घट्ट बसणारी बाटली ही खेड्यात मोठ्या सोयीची वस्तू होती. लोणचे चिनीमातीच्या बरणीत राही, तूप मातीच्या वा धातूच्या भांड्यात. पण एरंडेल, मध, गुलाबपाणी, काढा किंवा गंगाजल यांना काच उत्तम. बाजारात रिकाम्या बाटल्यांचा स्वतंत्र व्यापार होता, आणि त्यास कारणही तसेच होते. क्रॉस अँड ब्लॅकवेल या लंडनच्या प्रसिद्ध पेढीची लोणची व सॉस हिंदुस्थानात येत असत. त्यांच्या लेबलांची नक्कल करणाऱ्या एका मुद्रकास १८६६ साली कलकत्त्यास दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि पुढे त्या पेढीने जाहिरातींतून गिऱ्हाइकांना अशी विनंती केली, की रिकामी बरणी वा बाटली फोडून टाकावी, म्हणजे तिच्यात देशी माल भरून विकण्याची लबाडी होणार नाही. त्या विनंतीवरून एवढे निश्चित दिसते, की रिकाम्या बाटल्या फोडल्या जात नव्हत्या. त्या हातोहात फिरत होत्या आणि पुन्हा भरल्या जात होत्या. म्हणून प्रत्येक बाटलीविषयी दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: ती कशासाठी घडवली गेली, आणि ती कशासाठी वापरली गेली? पहिल्याचे उत्तर काच देते. दुसऱ्याचे उत्तर काचेच्या आत, म्हणजे बुडाशी साचलेल्या गाळात, तेलाच्या चिकट थरात, बुचाला आलेल्या वासात असते. यास्तव सापडलेली बाटली लगेच राखेने घासून लख्ख करणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय. जमिनीतून निघालेल्या काचेवर इंद्रधनुष्यासारखे रंग दाखवणारा पापुद्रा येतो. तोही खरवडू नये.

ती बाटली गावात येण्याचा मार्ग कोणता असावा, याचाही अदमास घेता येतो. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आला. मुंबईहून निघालेली आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूने १८६७ साली नागपूरला पोचली. जलंबहून खामगावच्या कापसाच्या पेठेपर्यंतचा फाटा १८७० साली सुरू झाला. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाल्यामुळे विलायती माल मुंबई बंदरात लवकर येऊ लागला होता. दक्षिणेकडे निजामाच्या मुलखातील गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून गेला. साखरखेर्डा या दोन्ही मार्गांपासून दूर राहिला, त्यामुळे तेथे येणारा माल अखेरचा टप्पा बैलगाडीनेच गाठी. कापूस उत्तरेकडे खामगावला गेला आणि परतीच्या गाडीत मीठ, घासलेट, कापड यांच्यासोबत एखादी रिकामी बाटली आली, असे घडणे सहज शक्य आहे. ती जालन्याच्या बाजाराहूनही आली असेल, किंवा एखाद्या दौऱ्यावरच्या अंमलदाराच्या मुक्कामात मागे राहिली असेल. कोणता मार्ग खरा, हे बाटली सांगू शकत नाही. ते सांगू शकतील त्या घराच्या जुन्या कीर्दी-खतावण्या, ज्या बहुधा मोडीत असतात आणि बहुधा त्याच माळ्यावर कुजत असतात.

याउलट, सापडलेल्या बाटलीवर एकही अक्षर नसेल तर काय समजावे? तिला निनावी म्हणून टाकून देऊ नये. कदाचित तीच अधिक मोलाची असेल. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा या हिशेबाने वर्गणी जमवली, लोकमान्य टिळकांनी त्या उद्योगास पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काचकारखाना उभा राहिला. जपान व अमेरिका येथे काचेचे शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याच्या आरंभीच्या कामाची धुरा वाहिली. तेथे काच तयार होत होती, तशीच काच करणारी माणसेही तयार होत होती. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला. त्या जागेचे नावच ओगलेवाडी झाले, आणि तेथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. या देशी कारखानदारीच्या काळात तोंडाने फुंकण्याची रीत आपल्याकडे विलायतेपेक्षा अनेक दशके अधिक चालली. म्हणून साच्याच्या रेघेची जी कसोटी विलायती बाटलीस लागू पडते, ती देशी बाटलीस जशीच्या तशी लावता येत नाही. विलायतेच्या कोष्टकावरून आपल्या बाटलीस १८८० साल देणारा मनुष्य एखादी १९२५ ची देशी बाटली पंचेचाळीस वर्षे मागे ढकलील, आणि आपल्याच कारागिराच्या हातचे काम परक्याच्या नावे मांडील.

याकरिता जुनी बाटली हाती आली असता काही साध्या गोष्टी कराव्यात. ती नेमकी कोठे सापडली, कोणत्या खोलीत, कोणत्या वस्तूंच्या शेजारी, किती खोल, हे त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावे. जागेची आठवण हरवली की बाटली अनाथ होते, आणि मग तिच्याविषयी कोणी काहीही म्हणू शकतो. उंची, बुडाचा व्यास आणि वजन मोजावे. अक्षरे नीट दिसत नसतील तर त्यांवर पातळ कागद धरून शिसपेन्सिलीने हलके घासावे. ठसा स्पष्ट उमटतो. कागदी लेबलाचा तुकडा शिल्लक असेल तर त्यास पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. नंतर घरातील आजीबाईंना विचारावे. पण ही किती जुनी असे विचारू नये, तर यात काय ठेवीत असत असे विचारावे. पहिल्या प्रश्नास कौतुकाचे उत्तर मिळते, दुसऱ्यास आठवणीचे. मग ग्रंथसंग्रहालयात जावे. लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडाचे १८७० चे गॅझेटिअर, पुढे निघालेली बुलढाणा जिल्ह्याची गॅझेटिअरे, आणि १८८१ पासूनच्या केसरीसारख्या पत्रांच्या जुन्या फायलींतील जाहिराती यांत बाजारपेठा, मालाच्या वाटा आणि दुकानांची नावे सापडतात. बाटली शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक मोलाची ठरली, तर १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे ती परवान्यावाचून देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही दलालाच्या हजार रुपयांना भुलण्यापूर्वी जाणून असावे.

कोणी विचारील, की एका सॉसच्या बाटलीसाठी एवढी यातायात कशास? ज्या गावात सुभेदारांच्या फौजा झुंजल्या, तेथे तोंडीलावण्याच्या बाटलीची काय प्रतिष्ठा? त्याचे उत्तर हे, की लढाईस बखरी आहेत, फारसी तवारिखा आहेत, इंग्रजी ग्रंथ आहेत. मुबारिझखान कसा पडला हे तीनशे वर्षांनंतरही वाचता येते. पण त्याच गावातील स्वयंपाकघरात काय शिजत होते, कोणती वस्तू विकत येत होती आणि कोणती जपून पुन्हा वापरली जात होती, दुखण्याखुपण्यास कोणते तेल कशात ठेवलेले असे, हे कोणत्याही बखरीत नाही. ते करणाऱ्या बायांनी कागद लिहिले नाहीत. त्यांच्या पिढ्यांतून ज्या थोड्या वस्तू उरल्या आहेत, त्यांत ही बाटली आहे. तिला नबाबाची म्हणून खोटा मान दिला, तर तिची खरी मालकीण पुसली जाते. आणि भंगारात दिली, तर दोघीही जातात.

माळे आता झपाट्याने रिकामे होत आहेत. वाडे पाडून सिमेंटची घरे उभी राहत आहेत, आणि शंभर वर्षांचा संसार एका दुपारी ट्रॅक्टरमध्ये भरून गावाबाहेर जातो. त्या ढिगात वाकड्या तोंडाची, हिरवट काचेची एखादी बाटली दिसली, तर ती बाजूस काढावी, कोठली ते चिठ्ठीवर लिहून तिला दोऱ्याने बांधावे, आणि मगच ती धुवावी की नाही याचा विचार करावा.